‘फस्स’चा राखणदार

बाटलीचं झाकण पिळलं की ‘फस्स’ होतं, तो आवाज तुम्हाला आवडतो. पाहुणे येतात, बाटली येते, झाकण फिरतं आणि पोरं पेले पुढे करतात. मशीनपाशी तोच आवाज कानावर आला की माझ्या पोटात गोळा येतो. फस्स झालं म्हणजे कुठेतरी गॅस गळतोय. आज इथे गळाला की उद्या तुमच्या घरी झाकण मुकाट्याने फिरणार. तुमचा हात लागेपर्यंत तो आवाज बाटलीत कोंडून ठेवायचा, याचाच मला पगार मिळतो.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत, शीतपेयाच्या कारखान्यात फिलर, म्हणजे बाटल्या भरणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर आहे. मूळचा लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्याचा. २०१२ साली लातूरच्या आयटीआयमधून फिटर झालो आणि पुढच्याच वर्षी ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून इथे लागलो. पहिलं काम होतं पडलेल्या बाटल्या उभ्या करायचं. कन्व्हेअरवर एक आडवी झाली की मागच्या सगळ्या अडतात, एकमेकींवर चढतात. आठ तास बाटल्या उभ्या केल्या आणि रात्री झोपेतही हात हलत होता, असं शेजारच्या खाटेवरच्या पोराने सांगितलं.

फिलरवर तेव्हा एक जुने ऑपरेटर होते. सगळा प्लांट त्यांना मामा म्हणायचा. मामा कोणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. कोणी ‘बार्शी’, कोणी ‘जत’, मी ‘लातूर’. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर कानात घालायचे दोन बोळे ठेवले आणि म्हणाले, “हे घाल, अन् मग ऐक.” मला वाटलं, थट्टा करतायत. आमच्या हॉलमध्ये नव्वद डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. त्यात बोळे घालून काय ऐकणार? पण महिन्याभरात कळलं. गोंगाट बाहेर राहतो आणि मशीनची चाल तेवढी आत येते, थोडी कानातून, थोडी बुटाच्या तळव्यातून, थोडी गार्डवर ठेवलेल्या पंजातून. चाल बदलली की आधी हाताला कळतं, स्क्रीनवर लाल दिवा मागून लागतो.

बाटली आमच्याकडे येते तेव्हा ती बाटली नसते. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीसारखी जाड प्लॅस्टिकची नळी असते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. तोंडाचे आटे तेवढे तयार असतात. ही नळी इन्फ्रारेड दिव्यांच्या भट्टीतून शंभर अंशांच्या वर तापत जाते. आट्यांना मात्र झळ लागू द्यायची नाही, नाहीतर झाकण पुढे बसणार नाही. मऊ झालेली नळी साच्यात जाते, वरून एक सळई तिला लांब ताणते आणि लगेच दाबाची हवा तिला फुगवते. ही हवा पंचवीस ते चाळीस बारची असते. तुमच्या गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज करा. साचा गार असतो, त्यामुळे आकार तिथल्या तिथे गोठतो. असं दोन दिशांना ताणल्यामुळेच ते पातळ प्लॅस्टिक इतकं चिवट होतं.

गॅसवाल्या बाटलीचा तळ उलटा करून बघा. पाच पाकळ्या दिसतील. आतला दाब तळाला बाहेर ढकलत असतो, सपाट तळ फुगून गोल झाला असता आणि बाटली उभीच राहिली नसती. पाकळ्या तो दाबही झेलतात आणि पायांचंही काम करतात. साध्या पाण्याच्या बाटलीला हे लागत नाही. तिथे झाकण लावायच्या आधी द्रवरूप नायट्रोजनचा एक थेंब सोडतात. त्याची वाफ होऊन कागदासारखी पातळ बाटली आतून ताठ राहते. आंब्याच्या पेयाची गोष्ट तिसरीच. ते साधारण ८५ अंशांवर गरमागरम भरतात, निवलं की आत पोकळी होते. ती ओढ सहन करता यावी म्हणून अंगावर खोलगट पट्ट्या असतात. ते झाकण उघडताना हवा बाहेर येत नाही, आत जाते. तो आवाज बारीक असतो, लक्ष दिलं तर ऐकू येतो.

बाटलीत जाणारा माल तिकडे तयार होत असतो. पाणी वाळूतून, कोळशातून, पुढे आरओतून जातं. साखर पन्नास किलोच्या पोत्यांतून येते, गरम पाण्यात विरघळते, गाळली जाते, मग त्यात मूळ अर्क पडतो. झाला सिरप. सिरप आणि पाण्याचं प्रमाण आम्ही ब्रिक्समध्ये मोजतो. शंभर ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर म्हणजे एक ब्रिक्स. लॅबमधल्या ताई तासातासाला काचेच्या पट्टीवर थेंब टाकून बघतात आणि दशांशात फरक पडला तरी फोन करतात. मग येतो कार्बन डायऑक्साइड, आमच्या भाषेत नुसता गॅस. अर्ध्या लिटर कोल्यात तो साधारण पावणेदोन लिटर मुरवलेला असतो. गार पाण्यात गॅस जास्त मुरतो, तापलं की निसटायला बघतो. म्हणून पेय आधी गार करायचं, मग दाबाखाली गॅस द्यायचा. भर उन्हात गाडीत राहिलेली बाटली दगडासारखी टणक लागते ती यामुळेच. पंचवीस अंशांना आतला दाब चाकातल्या हवेच्या वर गेलेला असतो, त्यापुढचं तुम्हीच समजा.

पाण्यात गॅस मुरवणं माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीच जमलं होतं. १७६७ साली इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली याने दारूच्या भट्टीत आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगलं आणि पाण्याला चव आली. कोंडून ठेवणं मात्र पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जिकिरीचंच राहिलं. बूच उडायचं, सुकायचं, गळायचं. १८७२ साली हायरम कॉडने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवून पेटंट घेतलं. आतला गॅसच गोटीला वर दाबून धरतो, म्हणजे चोरालाच कुलूप करून टाकलं. आपला गोटी सोडा तो हाच. १८९२ साली अमेरिकेतल्या विल्यम पेंटरने पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याला चोवीस दाते होते, आता एकवीस असतात, मोजून बघा. मुंबईत ड्यूक्सचा शीतपेयांचा कारखाना १८८९मध्ये सुरू झाला, म्हणजे पत्र्याच्या बुचाच्याही आधी. आणि ज्या प्लॅस्टिकवर माझं पोट चालतं त्याची बाटली अगदी अलीकडची. नथॅनिएल वायथ याला तिचं पेटंट मिळालं ते १९७३ साली.

आता माझ्या मशीनकडे येतो. फिलर म्हणजे मोठी गोल चक्री. आमच्या चक्रीला नव्वद व्हॉल्व्ह आहेत. मिनिटाला सहाशे बाटल्या, म्हणजे सेकंदाला दहा. एक बाटली चक्रीत शिरते आणि नऊ सेकंदांत भरून बाहेर पडते. पण भरायचं म्हणजे नळाखाली हंडा धरला असं नाही. गॅसवालं पेय मोकळ्या बाटलीत सोडलं तर निम्मा फेसच होईल. म्हणून बाटलीत आधी गॅस भरतो, वरच्या टाकीत जेवढा दाब तेवढाच. दोन्हीकडे दाब सारखा झाला की पेय आपल्याच वजनाने बाटलीच्या भिंतीवरून पातळ पदरासारखं उतरतं. भरलं की क्षणभर थांबायचं आणि वरचा दाब हळूच सोडायचा. घाई केली की उसळलं. मामांनी हे मला कुकरवर समजावलं होतं. “वाफ मुरायच्या आत घरात झाकण काढतोस का? वरण छताला लागंल. इथंबी तेच.”

फेस आला तर कारण शोधणं ही ऑपरेटरची खरी परीक्षा. आधी तापमान बघायचं, दोन अंशांनी वाढलं तरी फेस. मग पाण्यातली हवा नीट काढली गेली का ते. मग बाटली. दर फेरीला नव्वदातल्या एकाच जागची बाटली फेसाळत असेल तर तो व्हॉल्व्ह, सगळीकडे फेसाळत असेल तर दोष मागे कुठेतरी. डॉक्टर नाडी बघतो तसं आहे. औषधापेक्षा रोग ओळखायलाच जास्त वेळ लागतो.

चक्रीतून बाहेर पडून झाकण बसेपर्यंत बाटली एक-दोन सेकंद उघडी असते. एवढा मोठा कारखाना, आरओ, लॅब, डोक्याला टोप्या, हाताला सॅनिटायझर, सगळं त्या एक-दोन सेकंदांसाठी. त्यानंतर आत काय आहे ते कोणालाच हात लावून बघता येत नाही, थेट तुमच्या घरापर्यंत.

झाकण लावणाऱ्या मशीनला आमच्याकडे अठरा हेड आहेत. प्रत्येक हेड झाकण ठरलेल्या जोराने पिळतं. सैल बसलं तर गॅस जातो, जास्त आवळलं तर तुमच्या आजीला उघडत नाही. तो जोर आम्ही दर अर्ध्या तासाने मोजतो. सलग अठरा बाटल्या काढायच्या, म्हणजे प्रत्येक हेडची एक, त्या टॉर्क मीटरवर पिळायच्या आणि आकडे रजिस्टरला लिहायचे. वाकडं बसलेलं झाकण कॅमेऱ्याला दिसतं आणि ती बाटली बाजूला पडते. सरळ बसलेलं पण सैल झाकण त्याला दिसत नाही.

२०१८च्या मे महिन्यातली नाईट. सीझनचा कळस, सलग सातवी रात्र. तीनची तपासणी मी नीट केली. साडेतीनला लेबलरकडे काहीतरी अडकलं म्हणून तिकडे धावलो, परत आलो तेव्हा पावणेचार होत आले होते. तीनचे आकडे समोर होते. मी तेच थोडे इकडे-तिकडे करून साडेतीनच्या रकान्यात लिहिले. चारला पुन्हा अठरा बाटल्या काढल्या, तर अकरा नंबरच्या हेडचं झाकण मीटर हलायच्या आतच फिरलं. हेडमधला क्लच ढिला पडला होता. कधीपासून? तेच सांगता येत नव्हतं. साडेतीनला खरंच मोजलं असतं तर फार तर अर्ध्या तासाचा माल संशयात गेला असता, १८,००० बाटल्या. आता तीनपासूनच्या ३६,००० बाटल्या ‘होल्ड’वर गेल्या. अठरातली एक या हिशेबाने त्यांत वाईट होत्या फार तर दोन हजार, पण त्या कोणत्या हे ओळखायला छत्तीस हजारांना हात लावावा लागणार होता.

साडेतीनचे आकडे खोटे आहेत हे मी सकाळी सुपरवायझरला स्वतः सांगितलं. त्यात शौर्य काही नव्हतं, मामांनी रजिस्टर बघून माझ्याकडे नुसतं बघितलं होतं. मेमो मिळाला, दोन महिने फिलरवरून उतरवलं. पण माझ्या लक्षात राहिली ती दोन दिवसांनंतरची गोष्ट. गोदामात होल्डचा माल निवडायचं काम चालू होतं. पोरं एकेक बाटली मुठीत दाबून मऊ लागते का बघत होती. मामांनी त्यांतली एक उचलून माझ्या हातात दिली. “उघड.” मी झाकण पिळलं. काहीच झालं नाही. आवाजच नाही. मामा म्हणाले, “हा तुझा साडेतीनचा आकडा.” एवढं बोलून ते चहाला गेले.

त्यानंतर मी एकही रकाना न मोजता भरलेला नाही. तपासणी चुकली असेल तर ‘चुकली’ असंच लिहितो.

लोकांना वाटतं, मशीन चालतं आणि ऑपरेटर खुर्चीवर बसतो. बसायला मिळतं ते जेवणाच्या सुट्टीत. लाईन बंद असते तेव्हा तर काम दुप्पट. संत्र्याचं पेय संपवून लिंबाचं घ्यायचं असेल तर आधी सगळे पाइप, टाक्या, व्हॉल्व्ह न उघडता आतून धुतात. आधी पाणी, मग ऐंशीएक अंशांचं कॉस्टिकचं पाणी, मग पुन्हा पाणी. संत्र्याचा वास रबराच्या सीलमध्ये मुरतो, सहजी जात नाही. शेवटी सगळी यंत्रं बाजूला राहतात आणि लॅबमधल्या ताई धुतलेलं पाणी नाकाशी नेतात. त्यांनी मान हलवली तरच लिंबू सुरू.

धोकेही आहेत. गार करणाऱ्या यंत्रणेत अमोनिया असतो, पण तो निदान बोलतो, नाकात झोंबतो आणि माणूस पळतो. गॅस मात्र मुका. हवेपेक्षा दीडपट जड, खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचून बसतो, वास नाही, रंग नाही. म्हणून मीटरने हवा मोजल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी वीज बंद करून स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. मामांच्या डाव्या हाताच्या करंगळीला नख नव्हतं. ते का नाही, हे कोणी विचारलं तर ते खिशातली चावी वाजवून दाखवायचे. वर्षभर मी काचेच्या लाईनवरही काढलं. धुतलेल्या बाटल्या उजेडाच्या पडद्यासमोरून जातात आणि आत काही राहिलंय का ते माणूस बघतो. दर वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलतात, कारण त्यानंतर डोळे उघडे असतात पण बघत नाहीत.

जानेवारी ते जून आमचा सीझन. नेमकी तीच लग्नसराई. चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला माझ्या हातच्या बाटल्या असतील कदाचित, मी नव्हतो. माझं स्वतःचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच उरकलं, मंदीत. सीझनला ओव्हरटाईम दुप्पट दराने मिळतो, तो पैसा गावाकडे जातो. पण ठेकेदाराच्या पोरांना पावसाळा आला की ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावं लागतं. मीही दोन पावसाळे ऐकलंय. कायम व्हायला मला पाच वर्षं लागली, आणि तोही सगळ्यांच्या नशिबात नसलेला योग.

एक हिशेब मात्र मला कधी नीट लावता आला नाही. एप्रिल २०१६. आमची लाईन चोवीस तास चालू होती. तिकडे लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ‘जलदूत’ म्हणायचे त्या गाडीला. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. बाबा फोनवर म्हणाले, “गाडी बघायला माणसं गेलीत, देव आल्यावाणी.” मी हातातल्या रजिस्टरच्या मागे आकडे मांडले. आमची एक लाईन तासाला अर्ध्या लिटरच्या ३६,००० बाटल्या भरते, म्हणजे १८,००० लिटर. पाच लाख लिटर म्हणजे अठ्ठावीस तास. तेही नुसतं बाटलीत जाणारं पाणी, धुण्याचं आणि आरओतून वाया जाणारं वेगळं. माझा कारखाना लातूरचं पाणी पीत नव्हता हे मला कळतं, कारखान्याच्याच पाण्यावर माझ्या घरची चूल पेटत होती हेही कळतं. तरी त्या रात्री गळका नळ दिसला तिथे मी पाना घेऊन गेलो. अजूनही जातो. पोरं हसतात, “लातूर सुरू झालं.”

घरी माझा मुलगा बाटली मागतो. मी त्याला अर्धा पेला देतो, तोही सणावाराला. अर्ध्या लिटरच्या कोल्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही वरच्या साखरेची दिवसाची मर्यादा तेवढीच सांगते. ब्रिक्स मोजणाऱ्या बापाने हे मुलाला सांगितलं नाही तर कोण सांगणार? बायको म्हणते, बनवता तुम्हीच आणि बोलताही तुम्हीच.

मामा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आता फिलरवर मी आहे आणि माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, ‘पाथरी’. पहिल्या दिवशी त्याच्या हातावर बोळे ठेवले तेव्हा त्यानेही माझ्याकडे तसंच बघितलं.

गेल्या दिवाळीत गावी जाताना एसटी सोलापूर स्टँडवर थांबली. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी नातीसाठी बाटली घेतली, त्यांना झाकण फिरेना, म्हणून ती माझ्याकडे दिली. मला सवय आहे, उघडायच्या आधी मी गळ्याजवळची छपाई वाचतो. बॅच, तारीख, प्लांटचा कोड, वेळ. माल आमचा नव्हता, दुसऱ्याच कुठल्या प्लांटचा. वेळ होती पहाटे ३:३४.

मी झाकण पिळलं. फस्स झालं. नात हसली, आजोबांनी बाटली घेतली. तिकडे कोणीतरी साडेतीनला खरंच मोजलं होतं.